इलेक्ट्रापासून सुरुवात : ग्रीक शोकात्मिका आणि तिची पुढची रूपे अभ्यासू पाहणाऱ्यांसाठी

ग्रीक शोकात्मिकांकडे वळणारा आपल्याकडील विद्यार्थी बहुधा ‘राजा इडिपस’पासून सुरुवात करतो. ते नाटक अभ्यासक्रमात असते, अ‍ॅरिस्टॉटलने त्याची पुन्हा पुन्हा उदाहरणे दिलेली असतात आणि पु. ल. देशपांडे यांच्या ‘राजा ओयदिपौस’मुळे ते मराठी वाचकाला परकेही वाटत नाही. या सुरुवातीत गैर काही नाही. परंतु इंग्रजी साहित्याच्या एम.ए.च्या वर्गात हा विषय शिकल्यावर, पुढे त्यावरच शोधप्रबंध लिहिल्यावर आणि आता काही वर्षे तो शिकवत असताना माझे मत असे झाले आहे की, ज्याला एखादे सुटे नाटक नव्हे, तर एक मिथक आणि त्याने शतकानुशतके घेतलेली वाङ्मयीन रूपे अभ्यासायची आहेत, त्याने इडिपसला थोडे बाजूला ठेवून इलेक्ट्राकडे यावे. इस्किलस, सोफोक्लीस आणि युरिपिडीस या तिघांनीही जिच्यावर नाटके लिहिली आणि तिघांचीही ती नाटके आपल्यापर्यंत पोहोचली, अशी घटना ग्रीक मिथकांत ही एकच आहे. तुलना करायला शिकायचे तर याहून चांगली जागा मिळणार नाही.

कथेचा सांगाडा असा. ट्रॉयवर निघालेल्या ग्रीक आरमाराला अनुकूल वारा मिळावा म्हणून सेनापती अगमेम्नॉन आपली मुलगी इफिजेनिया हिचा ऑलिस येथे बळी देतो. दहा वर्षांनी युद्ध जिंकून तो घरी परततो, तेव्हा त्याची पत्नी क्लायटेम्नेस्ट्रा आणि तिचा प्रियकर एजिस्थस त्याचा खून करतात. मुलगा ओरेस्टीस परक्या राज्यात वाढतो, मुलगी इलेक्ट्रा घरातच मानहानीचे आयुष्य काढते. मोठा झालेला ओरेस्टीस अपोलोच्या आज्ञेने परत येतो आणि बापाच्या खुनाचा सूड म्हणून एजिस्थसला आणि स्वतःच्या आईला ठार मारतो.

हा सांगाडा वाचून झाला की विद्यार्थी विचारतात, यातली मूळ कथा कोणती? या प्रश्नातून बाहेर पडणे हा या अभ्यासातला पहिला टप्पा आहे, असे मी मानतो. होमरच्या ‘ओडिसी’त ओरेस्टीसचा उल्लेख अनेकदा येतो, पण तो ओडिसियसचा तरुण मुलगा टेलिमॅकस याच्यापुढे ठेवायचा आदर्श म्हणून, बापाच्या मारेकऱ्याला, म्हणजे एजिस्थसला, त्याने मारले याची तेथे प्रशंसा होते. आई कशी मेली, हे होमर सांगत नाही. तिसऱ्या सर्गात एजिस्थस आणि ‘तिरस्करणीय’ आई या दोघांच्या अंत्यविधीचे भोजन ओरेस्टीसने घातले, एवढेच सांगून तो पुढे जातो. ‘इलियड’मध्ये अगमेम्नॉनच्या ज्या तीन मुलींची नावे येतात, त्यांत इलेक्ट्रा नाही, आणि मुलीच्या बळीचाही उल्लेख नाही. इ.स.पू. सहाव्या शतकातील कवी स्टेसिकोरस याने या कथेवर रचलेल्या दीर्घ काव्याचे आज तुकडेच उरले आहेत, पण क्लायटेम्नेस्ट्राला पडलेले सापाचे स्वप्न त्यात आहे. पिंडरच्या अकराव्या पिथियन स्तोत्रात तर कवी उघडच विचारतो की, क्लायटेम्नेस्ट्राने हे कृत्य मुलीच्या बळीमुळे केले की परपुरुषाच्या शय्येमुळे? म्हणजे नाटककारांच्या हाती ही कथा आली तेव्हा ती अगोदरच अनेक हातांतून गेलेली होती आणि प्रत्येकाने तिच्यातला वेगळा भाग उजळला होता. ज्याला आपण मूळ म्हणू पाहतो, तेही एक अर्थनिर्णयनच असते.

मग या कथेत स्थिर असे काही आहे की नाही? याचे उत्तर अ‍ॅरिस्टॉटलने ‘काव्यशास्त्रा’च्या चौदाव्या प्रकरणात एका वाक्यात दिले आहे. परंपरेने आलेल्या कथा मोडता येत नाहीत, असे सांगताना त्याने दिलेले पहिलेच उदाहरण क्लायटेम्नेस्ट्रा ओरेस्टीसच्या हातून मरते हे आहे. मात्र या कथा चांगल्या रीतीने कशा वापराव्यात, ते कवीने शोधून काढायचे असते, असेही तो लगेच म्हणतो. नवख्या अभ्यासकाने हे प्रकरण अवश्य वाचावे. विंदा करंदीकरांनी केलेले ‘काव्यशास्त्रा’चे मराठी रूप हाताशी असेल तर फारच सोयीचे. माझ्या सगळ्या कामाचा पाया या एका वाक्यावर उभा आहे, असे म्हटले तरी चालेल. समोरच्या लेखकाने काय अढळ ठेवले आणि कशाला हात लावला, एवढेच प्रत्येक वेळी पाहायचे. थोर कल्पना, युगधर्म, मानवी नियती असले शब्द त्यानंतर, गरज पडलीच तर.

पाहायचे कसे, ते एका प्रसंगावरून सांगतो. दीर्घकाळ दूर असलेला भाऊ परत येतो आणि बहिणीला त्याची ओळख पटते, हा प्रसंग तिन्ही नाटकांत आहे. इ.स.पू. ४५८ मध्ये सादर झालेल्या इस्किलसच्या ‘ओरेस्टिया’ या नाट्यत्रयीतील दुसऱ्या नाटकात, म्हणजे ‘तर्पण करणाऱ्या स्त्रिया’मध्ये, तो सुरुवातीलाच येतो. आपण सापाला जन्म दिला आणि त्याने दुधाबरोबर रक्तही ओढून घेतले, असे स्वप्न पाहून घाबरलेली क्लायटेम्नेस्ट्रा नवऱ्याच्या थडग्यावर तर्पण करण्यासाठी दासींना पाठवते. त्यांच्याबरोबर इलेक्ट्रा येते. थडग्यावर तिला केसांची एक बट दिसते, आपल्याच केसांसारखी. मग पावलांचे ठसे दिसतात, आपल्या पावलांशी जुळणारे. तेवढ्यात ओरेस्टीस पुढे येतो आणि तिनेच पूर्वी विणलेले, प्राण्यांची चित्रे असलेले वस्त्र दाखवतो. १०७६ ओळींच्या नाटकात हे सारे पहिल्या पाव भागातच उरकते, कारण इस्किलसला ओळख पटण्यातली उत्कंठा नको आहे. त्याला भाऊ, बहीण आणि कोरस (नाटकात एकत्र गाणारा समूह) या तिघांनी मिळून थडग्यापाशी मृत पित्याला जागे करण्यासाठी गायलेले प्रदीर्घ शोकगीत हवे आहे. त्यानंतर इलेक्ट्रा घरात जाते आणि पुन्हा रंगभूमीवर येत नाही. ज्या नाटकापासून आपण इलेक्ट्राचा अभ्यास सुरू करतो, त्यात ती अर्ध्या वाटेवरच नाहीशी होते, ही गोष्ट विद्यार्थ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही.

सोफोक्लीसने हाच प्रसंग जवळजवळ शेवटाकडे ढकलला. त्याच्या ‘इलेक्ट्रा’त सुमारे पंधराशे ओळी आहेत आणि ओळख पटते ती बाराशेव्या ओळीच्या पुढे. तोवर इलेक्ट्रा रंगभूमीवरून जवळपास हलत नाही. मधल्या काळात ओरेस्टीस डेल्फीच्या रथशर्यतीत मरण पावला, अशी खोटी बातमी इतक्या तपशिलाने सांगितली जाते की, ती खोटी आहे हे आधीपासून माहीत असलेला प्रेक्षकही क्षणभर तिच्यात गुंतून जावा. थडग्यावरची केसांची बट येथेही आहे, पण ती सापडते धाकट्या बहिणीला, क्रिसोथेमिसला. ती आनंदाने धावत येऊन भाऊ आल्याचे सांगते आणि इलेक्ट्रा तिलाच खोटे ठरवते. त्यानंतर भावाच्या अस्थींचा म्हणून दिलेला रिकामा कलश हातात घेऊन इलेक्ट्रा विलाप करते आणि तो कलश देणारा ओरेस्टीस समोर उभा राहून ऐकत असतो. शेवटी पित्याची मुद्रा असलेली अंगठी पाहून तिची खात्री पटते. या प्रवेशाविषयी ऑलस गेलियस या रोमन लेखकाने नोंदवलेली एक आख्यायिका आहे : पोलस नावाच्या नटाने ही भूमिका करताना आपल्या नुकत्याच वारलेल्या मुलाच्या अस्थींचा कलश हातात घेतला होता. (ग्रीक रंगभूमीवर स्त्रीभूमिकाही पुरुषच मुखवटा घालून करीत, हे येथे लक्षात ठेवावे.) अभिनयावर लिहिणाऱ्यांना ही आख्यायिका फार प्रिय आहे. मला ती नाटकाच्या रचनेसाठी महत्त्वाची वाटते, कारण खोट्या अस्थींवर खरा शोक हीच त्या प्रवेशाची मूळ कल्पना आहे आणि पोलसने ती उलटी फिरवली.

युरिपिडीसने तर घरच बदलले. त्याची इलेक्ट्रा राजवाड्यात नाही; एका गरीब शेतकऱ्याशी तिचे लग्न लावून देण्यात आले आहे, हेतू हा की तिच्या पोटी सूड घेऊ शकेल असा कुलीन मुलगा जन्माला येऊ नये. तो शेतकरी सज्जन आहे, त्याने तिला स्पर्शही केलेला नाही. एक म्हातारा सेवक थडग्यावरून केसांची बट घेऊन येतो आणि इस्किलसच्या तिन्ही खुणा एकेक करून तिच्यापुढे मांडतो. इलेक्ट्रा तिन्ही फेटाळून लावते. आखाड्यात वाढलेल्या पुरुषाचे केस आणि बाईचे विंचरलेले केस सारखे कसे असतील? खडकाळ जमिनीवर ठसे कसे उमटतील, आणि उमटलेच तर भावाबहिणीचे पाऊल एकाच मापाचे कसे असेल? लहानपणचे वस्त्र आजही त्याच्या अंगावर असायला ते काय अंगाबरोबर वाढत गेले? हा उतारा मागाहून कोणीतरी घुसवला असावा, अशी शंका पूर्वी काही पंडितांनी घेतली होती. आज बहुतेक अभ्यासक तो युरिपिडीसचाच मानतात. पाठ्यपुस्तके येथे ‘युरिपिडीसने इस्किलसची थट्टा केली’ असे सांगून थांबतात. मी विद्यार्थ्यांना पुढची एक पायरी चढायला सांगतो. इलेक्ट्राचा प्रत्येक तर्क बिनतोड आहे आणि तिचा निष्कर्ष चूक आहे. भाऊ खरोखरच आलेला आहे, बट खरोखरच त्याची आहे. अखेर म्हाताऱ्याला ओरेस्टीसच्या भुवईजवळचा लहानपणचा व्रण दिसतो आणि ओळख पटते. ‘ओडिसी’तल्या ओडिसियसलाही त्याच्या दाईने व्रणावरूनच ओळखले होते, पण तो रानडुकराच्या शिकारीत झालेला वीराचा व्रण होता. ओरेस्टीसला तो घरातल्या हरणाच्या पाडसामागे धावताना पडून झालेला आहे. माझ्या मते खरी बोचरी थट्टा आहे ती या ठिकाणी.

हत्येच्या क्षणाचीही अशीच तुलना करावी. इस्किलसमध्ये क्लायटेम्नेस्ट्रा मुलापुढे आपले स्तन उघडे करते, ओरेस्टीस थबकतो आणि तोवर एक शब्दही न बोललेल्या पिलाडीसला, आपल्या मित्राला, विचारतो की, आता काय करू? पिलाडीसला साऱ्या नाटकात तीनच ओळी आहेत आणि त्या तो येथे बोलतो : अपोलोच्या वचनांचे मग काय होईल? सोफोक्लीसमध्ये आईची हत्या आधी होते आणि एजिस्थसची नंतर, इतर दोघांच्या नेमकी उलट. आतून आईची किंकाळी येते तेव्हा बाहेर उभी असलेली इलेक्ट्रा, जोर असेल तर दुसरा घाव घाल, असे ओरडते. मातृहत्येनंतर पाठलाग करणाऱ्या सूडदेवतांचा येथे मागमूस नाही. युरिपिडीसमध्ये मुलीला मूल झाल्याच्या खोट्या निरोपावर आई झोपडीत येते आणि मारली जाते. मारल्यावर भाऊ-बहीण दोघेही कोसळतात आणि आकाशातून आलेले देवच अपोलोची आज्ञा शहाणपणाची नव्हती असे सांगून टाकतात. घटना एकच, अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो त्याप्रमाणे न मोडणारी, आणि तरी तीन नाटके तीन वेगळ्या नैतिक जगांत उभी आहेत. सोफोक्लीसचे नाटक आधीचे की युरिपिडीसचे, यावर अभ्यासकांत एकमत नाही, म्हणून ‘याने त्याला उत्तर दिले’ अशी विधाने या दोघांबाबत टाळावीत.

आता काही व्यावहारिक गोष्टी. टिपणे काढताना पृष्ठांक न देता ओळक्रमांक द्यावेत. सर्व चांगल्या आवृत्त्यांत आणि बहुतेक गंभीर भाषांतरांत ते दिलेले असतात, आणि त्यांच्या आधारे जगातल्या कोणत्याही आवृत्तीत तीच जागा सापडते. तिन्ही नाटकांतील एकाच प्रसंगाच्या ओळी समोरासमोर लिहून काढण्याची सवय मी अगदी सुरुवातीला लावून घेतली आणि तिचा जितका उपयोग झाला, तितका कोणत्याही समीक्षाग्रंथाचा झाला नाही. भाषांतरांपैकी हिरव्या वेष्टणातील लोब ग्रंथमालेचे खंड डाव्या पानावर ग्रीक आणि उजव्या पानावर इंग्रजी देतात; आपल्याकडील जुन्या विद्यापीठ ग्रंथालयांत ते सापडण्याची शक्यता असते. रिचर्ड जेब याची सोफोक्लीसच्या ‘इलेक्ट्रा’वरची १८९४ची सटीप आवृत्ती स्वामित्वहक्काच्या मुदतीबाहेर असल्याने इंटरनेटवर मोफत मिळते आणि तिच्यातील टीपा आजही उपयोगी पडतात. गिल्बर्ट मरे याची यमकबद्ध भाषांतरे एके काळी इंग्रजी रंगभूमीवर फार गाजली, पण ती पहिल्या वाचनासाठी घेऊ नयेत. त्यांत युरिपिडीसपेक्षा व्हिक्टोरियन काळातील इंग्रजी कवितेचाच सूर अधिक ऐकू येतो, आणि टी. एस. एलियटने त्यांच्यावर केलेला हल्ला कठोर असला तरी अकारण नव्हता. मात्र अर्थनिर्णयनाचा अभ्यास करायचा असेल, तर हीच भाषांतरे पुढे उत्तम साधनसामग्री ठरतात.

ग्रीक शिकावे का, हा प्रश्न हमखास येतो. एम.ए.च्या प्रकल्पापुरते नाही शिकले तरी चालते; पीएच.डी. करायची असेल तर शिकलेच पाहिजे. ज्यांनी शाळा-महाविद्यालयात संस्कृत मन लावून केले आहे, त्यांना यात मोठी सवलत मिळते. द्विवचन, आत्मनेपदासारखा मध्यम प्रयोग, विभक्ती आणि धातूंची रूपे या गोष्टी इंग्रजी माध्यमातील नवशिक्याला घाबरवतात. संस्कृत जाणणाऱ्याला त्या ओळखीच्या वाटतात. संवादांची भाषा आधी घ्यावी. कोरसच्या गीतांतील भाषा आणि वृत्ते बरीच अवघड आहेत आणि पहिल्या वर्षी त्यांच्या वाटेला न जाणे बरे. अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठाचे पर्सियस हे डिजिटल ग्रंथालय येथे फार मदत करते, कारण तेथे ग्रीक शब्दावर टिचकी मारली की त्याचे व्याकरण आणि कोशातील अर्थ दिसतो. परंतु यंत्राने सुचवलेल्या पर्यायांतून योग्य पर्याय निवडण्याइतके व्याकरण स्वतःला आलेच पाहिजे.

संहिता आपल्यापर्यंत कशा आल्या, याची थोडी माहितीही आरंभीच करून घ्यावी. या तिघांच्या मिळून शेकडो नाटकांपैकी आज इस्किलस आणि सोफोक्लीस यांची प्रत्येकी सात, तर युरिपिडीसच्या नावावरची एकोणीस उरली आहेत. युरिपिडीसचा आकडा मोठा का, तर त्याच्या समग्र नाटकांच्या वर्णानुक्रमे लावलेल्या संग्रहातील काही लगतची अक्षरे योगायोगाने बचावली, म्हणून. ‘इलेक्ट्रा’ त्या भाग्यवान नाटकांपैकी एक. ‘तर्पण करणाऱ्या स्त्रिया’ची भिस्त फ्लॉरेन्समध्ये असलेल्या दहाव्या शतकातील एका हस्तलिखितावर आहे आणि त्यात नाटकाच्या सुरुवातीच्या ओळीच नाहीत. त्यांतल्या काही परत मिळाल्या त्या अ‍ॅरिस्टोफेनीसच्या ‘बेडूक’ या सुखात्मिकेतून, कारण त्या नाटकात युरिपिडीसचे पात्र नेमक्या त्याच ओळींची चिरफाड करते. हे ठाऊक असले की ‘ग्रीकांना असे वाटत होते’ अशा थाटाची विधाने करताना लेखणी आपोआप अडखळते, आणि ती अडखळावीच.

नंतरच्या काळाकडे वळताना एक शिस्त पाळावी : विसाव्या शतकातील प्रत्येक कृती तिच्या स्वतःच्या सालात वाचावी. ऑस्ट्रियन नाटककार हॉफमन्स्थाल याची ‘इलेक्ट्रा’ १९०३ साली बर्लिनमध्ये रंगभूमीवर आली आणि १९०९ साली ड्रेस्डेनमध्ये तिच्यावर आधारित रिचर्ड श्ट्राउसचा ऑपेरा झाला. ब्रॉयर आणि फ्रॉइड यांचे हिस्टेरियावरील लेखन हॉफमन्स्थालला माहीत होते. त्याची इलेक्ट्रा बापाला मारलेली कुऱ्हाड जपून ठेवते, पण ऐन वेळी ती भावाला द्यायची राहून जाते. सूड पुरा झाल्यावर ती बेभान नाचते आणि मरून पडते. तिचा मृत्यू तिन्ही ग्रीक नाटकांत नाही. कार्ल युंगने ‘इलेक्ट्रा गंड’ (मुलीची बापाविषयीची ओढ आणि आईशी स्पर्धा) ही संज्ञा मांडली ती १९१३ साली, म्हणजे या नाटकानंतर दहा वर्षांनी, आणि फ्रॉइडने ती स्वीकारली नाही. तरीही दर वर्षी निम्मे निबंध याच संज्ञेपासून सुरू होतात आणि युरिपिडीसच्या नाटकात ती शोधू लागतात. तेथील इलेक्ट्राची तक्रार फाटक्या कपड्यांची, डोक्यावरच्या पाण्याच्या घड्याची, हिरावलेल्या घराची आणि बरोबरीच्या वराची आहे. ती आधी नीट ऐकावी.

यूजीन ओनीलने १९३१च्या ‘मोर्निंग बिकम्स इलेक्ट्रा’ या नाट्यत्रयीत ही कथा अमेरिकन यादवी युद्धानंतरच्या न्यू इंग्लंडमध्ये नेली. देव नाहीत, अपोलोची आज्ञा नाही, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मुलगा आईला मारत नाही. तो तिच्या प्रियकराला मारतो आणि आई स्वतःवर गोळी झाडून घेते. अ‍ॅरिस्टॉटलने अढळ मानलेला गाभाच ओनीलने हलवला. लॅव्हिनिया, म्हणजे त्याची इलेक्ट्रा, शेवटी खिडक्या बंद करून घेऊन त्या घरात स्वतःला कोंडून घेते. शिक्षा द्यायला बाहेरचे कोणी उरलेले नसते. सार्त्रने १९४३ साली, जर्मनव्याप्त पॅरिसमध्ये, ‘माशा’ हे नाटक रंगभूमीवर आणताना याच्या उलट केले : हत्या तशीच ठेवली, ओरेस्टीसचा पश्चात्ताप काढून टाकला. त्याच्या अर्गोसमध्ये सारे शहर काळे कपडे घालून जुन्या खुनाचे प्रायश्चित्त भोगत असते आणि ज्युपिटरला ते तसेच हवे असते. पराभव हे आपल्या पापांचे फळ आहे, असे फ्रेंच जनतेला त्या काळी जर्मनीशी सहकार्य करणारे व्हिशी सरकार सांगत होते, हे माहीत असल्याशिवाय या नाटकातील माशा कशाच्या आहेत, ते कळणार नाही. इलेक्ट्रा येथे ऐन वेळी मागे फिरते, पश्चात्ताप पत्करते. ओरेस्टीस सगळ्या माशा आपल्या मागे घेऊन शहर सोडतो. नाटक म्हणून मला ते थोडे कोरडे वाटते, भाषणे फार आहेत. पण अभ्यासाच्या दृष्टीने याच्याइतके स्वच्छ उदाहरण दुसरे नाही.

दक्षिण आफ्रिकेच्या यायल फार्बर हिचे ‘मोलोरा’ हे नाटक वर्णद्वेषी राजवट संपल्यानंतरच्या सत्य आणि समेट आयोगाच्या सुनावणीच्या रूपात रचले आहे. क्लायटेम्नेस्ट्रा गोरी, इलेक्ट्रा काळी. कोरस म्हणून खोसा भाषेत गाणाऱ्या ग्रामीण स्त्रिया. कुऱ्हाड उचललेल्या इलेक्ट्राला शेवटी या स्त्रियाच आवरतात आणि आई जिवंत राहते. प्राचीन कोरस बोलतो, घाबरतो, सल्ला देतो, पण घटना थांबवत नाही. येथे तो ती थांबवतो. ग्रीक नाटके ओळक्रमांकांसह वाचलेल्या विद्यार्थ्याला या एका बदलाचे वजन लगेच कळते. सारांश वाचून आलेल्याला तो केवळ सुखान्त वाटतो.

मराठी विद्यार्थी या टप्प्यावर परशुरामाकडे वळतात आणि ते स्वाभाविक आहे. जमदग्नीच्या आज्ञेने रेणुकेचा शिरच्छेद करणारा मुलगा आपल्याला लहानपणापासून माहीत असतो. तुलना जरूर करावी, पण साम्य मोजत बसू नये. परशुरामाच्या कथेत मातृहत्या ही पित्याची आज्ञा पाळण्यासाठी होते, आणि पित्याच्या वधाचा सूड हा वेगळा प्रसंग आहे. शिवाय वराने आई पुन्हा जिवंत होते. ओरेस्टीसच्या कथेत पित्याचा सूड आणि आईची हत्या ही एकच कृती आहे आणि ती परत फिरवता येत नाही. ग्रीक नाटककारांची सारी अडचण, आणि म्हणून सारे नाटक, या एकत्र येण्यात आहे. एवढा फरक स्पष्ट मांडता आला तर तुलना सार्थकी लागली; त्यापुढे दोन संस्कृतींच्या स्वभावावर प्रकरण लिहिण्याची गरज नसते.

राहिला पुढच्या वाटेचा प्रश्न. भारतात ग्रीक-लॅटिनचे स्वतंत्र विभाग विरळा, त्यामुळे येथे हा अभ्यास बहुधा इंग्रजी, तौलनिक साहित्य किंवा नाट्यशास्त्र या विभागांतूनच करावा लागतो. अध्यापनाची नोकरी हवी असेल तर नेट किंवा महाराष्ट्र-गोव्यासाठीची सेट परीक्षा द्यावी लागते आणि तिच्यात ग्रीक भाषेचे गुण मिळत नाहीत. म्हणून इंग्रजी नाटक, समीक्षा आणि साहित्यसिद्धान्त यांची तयारी सोडू नये. परदेशी जाऊ इच्छिणाऱ्यांनी जाहिरातीतील भाषेच्या अटी आधी वाचाव्यात : अभिजात भाषांच्या विभागांत संशोधनासाठी ग्रीक आणि लॅटिन या दोन्ही भाषा लागतात, तर नाट्य किंवा तौलनिक साहित्याच्या विभागांत अनेकदा एक पुरते. ज्यांना महाविद्यालयात या भाषा मिळाल्या नाहीत, त्यांच्यासाठी अमेरिकेतील काही विद्यापीठे पदवीनंतरचे खास भाषातयारीचे अभ्यासक्रम चालवतात.

विषय निवडण्यापूर्वी शोधगंगेवर आपल्या विद्यापीठांतील प्रबंध चाळावेत, म्हणजे काय लिहून झाले आहे ते समजते. प्रयोगांचा शोध घ्यायचा तर ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या ग्रीक-रोमन नाट्यप्रयोग संग्रहाची सूची खुली आहे, आणि नव्या ग्रंथांची परीक्षणे ब्रिन मॉर क्लासिकल रिव्ह्यूमध्ये विनामूल्य वाचता येतात. विषय लहान घ्यावा. ‘आधुनिक साहित्यातील ग्रीक मिथके’ हा विषय घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला मी परत पाठवतो. ‘सोफोक्लीस आणि हॉफमन्स्थाल यांच्या नाटकांतील क्रिसोथेमिस’ असा विषय घेऊन आलेल्याशी चहा घेत तासभर बोलायला तयार असतो. क्रिसोथेमिस दोघांकडेही आहे, दोघांकडेही ती बहिणीच्या हट्टाला नकार देते, आणि हॉफमन्स्थालकडे तिला लग्न आणि मुले हवी आहेत, असे ती स्पष्ट बोलून दाखवते. या पात्रावर इलेक्ट्राच्या मानाने फारच कमी लिहिले गेले आहे.